वाढदिवस कुणाचा?

शाळेत घालताना गुरुजींनी माझी जन्मतारीख अंदाजाने १ जून लिहिली. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांची तीच. त्यावाचून कुणाचे अडले नाही. यंदा आमच्या नागऱ्यात चार वर्षांच्या नातवासाठी धानाचे पैसे मंडपात, केकात आणि दीडशे पानांत गेले. बडे पाहुणे नऊला उगवले. पोर आठलाच रडून झोपले होते. त्याला उठवून सुरी हाती दिली! हे कौतुक की छळ? आईचे औक्षण, घरच्या तांदळाची खीर, शेजारची आठदहा मुले आणि शिवमंदिराच्या आवारात दिवेलागणीपर्यंत हुंदडणे. मुलाला याहून काय हवे? बाकीचा थाट आपल्या मिरवण्याचा. दुसऱ्या दिवशी नातवाने विचारले, "आजोबा, माझा वाढदिवस कधी?" उत्तर द्यायला मंडपातला एकही मोठा पुढे आला नाही. मीही नाही.