काळीज आणि काळजी

ज्या भाषेंत ‘काळीज’ आणि ‘काळजी’ हे दोन शब्द एकमेकांना इतके लगटून उभे आहेत, त्या भाषेच्या सुशिक्षित घरांत हृदयविकार झालेल्या बाईच्या मनाची विचारपूस कोणी करूं नये, ह्याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. आश्चर्य म्हणणें हा सौजन्याचा भाग झाला. खरें पाहतां ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरांतील हकीकत सांगतों. गृहिणीचें वय अठ्ठावन्न. जिना चढतांना धाप लागे, पाठ व जबडा दुखे, रात्रीं जीव घाबरा होई. घरच्या मंडळींनीं निदान केलें : ‘वहिनींचा स्वभावच काळजीखोर!’ सहा महिने ह्या निदानावर निभावलें. पुढें एके दिवशीं त्यांना इस्पितळांत न्यावें लागलें, रक्तवाहिनींत जाळी बसली आणि त्या घरीं आल्या. त्यानंतर मात्र त्या धड जेवीनात, कोणाशीं बोलेनात. पहाटे तीन वाजतां जाग्या होऊन भिंतीकडे पाहत बसत. आतां मंडळी म्हणूं लागली : ‘हृदयाचें दुखणें आहे, तेव्हां असें व्हायचेंच!’ वाचकांनीं ह्या दोन वाक्यांचा मेळ घालून पाहावा. रोग हृदयाला झाला तेव्हां तो मनाच्या माथीं मारला, आणि मनाला झाला तेव्हां हृदयाच्या. दोन्ही वेळां उपचार तेवढा टळला.

पहिली चूक केवळ आपल्याच घरांत होते असें नाहीं. अमेरिकेंतील डॉ. बर्नाडिन हीली यांनीं १९९१ सालींच लिहिलें होतें कीं, आपला विकार पुरुषाच्या विकाराइतकाच खरा आहे हें सिद्ध केल्यावांचून स्त्रीला पुरुषासारखा उपचार मिळत नाहीं. आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांच्या कथेंतील येंटल ही मुलगी शिक्षणासाठीं पुरुषवेष घेते. तिचेंच नांव त्यांनीं ह्या अन्यायाला दिलें. ही चूक डॉक्टरांच्या ध्यानीं येऊं लागली आहे. दुसरी मात्र घराघरांत सुखानें नांदत आहे.

वास्तविक हृदयविकाराच्या झटक्यानंतर सुमारें पांचांतील एका रोग्याला तीव्र विषण्णता येते, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत ती अधिक आढळते. असा रोगी औषधें चुकवितो, चालणें-फिरणें सोडतो, आणि त्याच्या जिवाचा धोकाहि वाढतो. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशननें २००८ सालीं शिफारस केली कीं, हृदयरोग्याला त्याच्या मनाविषयीं नेमानें विचारावें. प्रारंभींचे प्रश्न अवघे दोन : गेल्या पंधरवड्यांत कशांतच गोडी वाटेनाशी झाली आहे काय? मन उदास, निराश असतें काय? हे विचारण्यास यंत्र लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. समोर बसण्याची सवड मात्र लागते.

आतां सुशिक्षितांना अधिक झोंबेल अशी गोष्ट सांगतों. स्टॉकहोम येथें क्रिस्टिना ऑर्थ-गोमेर व त्यांचे सहकारी यांनीं हृदयविकार झालेल्या स्त्रियांचा सुमारें पांच वर्षें मागोवा घेतला. त्यांचें संशोधन २००० सालीं प्रसिद्ध झालें. ज्यांच्या सहजीवनांत तीव्र ताण होता, त्यांना पुन्हा आघात होण्याचा धोका जवळजवळ तिप्पट निघाला. नोकरीच्या ताणाचा तसा परिणाम दिसला नाहीं. स्टॉकहोमचें माप पुण्या-नागपुरास जसेंच्या तसें लागेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु बाई आजारी पडली कीं ‘नोकरी सोडून घरीं स्वस्थ बैस’ असा जो उपदेश होतो, तो करणारांनीं घरांत स्वस्थता आहे काय, हें आधीं पाहावें.

त्याच शहरांत पुढें २३७ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. कांहीं जणींना नेहमीच्या उपचारांबरोबर वर्षभर लहान लहान गटांत बसवून मनावरील भार हलका करण्याचें शिक्षण दिलें. २००९ सालीं फल प्रसिद्ध झालें : सुमारें सात वर्षांत शिक्षण न मिळालेल्या १२५ जणींपैकीं २५ दगावल्या, मिळालेल्या ११२ पैकीं ८.

कोणी जाणता वाचक म्हणेल, ‘अमेरिकेंतील सुमारें अडीच हजार रोग्यांच्या प्रयोगांत विषण्णता कमी झाली, पण मृत्यु कमी झाले नाहींत, त्याची वाट काय?’ आक्षेप खरा आहे. तो प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला, आणि आम्ही तो लपवूं इच्छीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, दाढ दुखूं लागली म्हणजे ती उपटल्यानें आयुष्य किती वाढेल असें कोणी विचारीत नाहीं. मग बाईच्या मनाची वेदना शमविण्यापूर्वींच तिच्याकडून दीर्घायुष्याचा दाखला कां मागावा? वेदना आहे, हें कारण पुरेसें नाहीं काय?

ह्यावर ‘घरच्यांनीं करावें तरी काय?’ असें विचारण्यांत येईल. छातींत कळ आली, धाप लागली, तर आधीं हृदयच तपासून घ्यावें. ‘नुसती घाबरली आहे’ हें निदान करण्याचा अधिकार दिवाणखान्यास नाहीं. हृदय ठीक असूनहि भीति व खिन्नता टिकून राहिली, तर तिला ‘मन घट्ट कर’ असें सांगून न थांबतां मनाच्या डॉक्टरांकडे न्यावें. हृदयरोग्यालाहि चालतील अशीं औषधें आहेत. तीं दोन्ही डॉक्टरांच्या विचारानें द्यावीं. आणि ती घरीं आल्याच्या आठव्या दिवशीं तिच्या हातांत पोळपाट देऊं नये.

औषधांच्या गोळ्यांचा हिशेब ठेवणारे मुलगे आम्ही पुष्कळ पाहिले. आईला झोप लागली काय, असें विचारणारे थोडे. हा लेख वाचून संपल्यावर मासिक बाजूस ठेवावें, तिच्याजवळ जाऊन बसावें, आणि तेवढें विचारावें. पहिलें उत्तर ‘मला काय धाड भरली आहे?’ असेंच येईल. त्यावर उठूं नये. दुसरें उत्तर येईपर्यंत बसून राहावें.