विकतचा पहारेकरी आणि घरची कडी

दसऱ्याच्या दिवशी सिल्वासातील अनेक मराठी घरांत सरस्वतीच्या पाटीशेजारी आता संगणकही मांडला जातो. त्याला हळदकुंकू वाहतात, झेंडूचे फूल ठेवतात. मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, महत्त्वाच्या कागदपत्रांच्या प्रती आणि वर्षानुवर्षांची छायाचित्रे ज्या यंत्रात साठलेली आहेत, त्याची पूजा व्हावी यात नवल नाही. परंतु पूजा आटोपली की व्यवहाराचा प्रश्न उभा राहतो. दुकानदार संगणकाबरोबर विषाणुरोधकाची वर्षभराच्या मुदतीची पेटीही पुढे करतो. मुदत संपली की पुन्हा पैसे भरावे लागतात. ही पेटी घरगुती संगणकाला खरोखर आवश्यक आहे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. दमणगंगेच्या काठी कारखाने आले आणि त्यांच्यामागोमाग महाराष्ट्रातून नोकरदार कुटुंबे येथे आली. त्यांनी पैपैने साठवलेली पुंजी आज याच यंत्राच्या वाटेने ये-जा करते, म्हणून या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे.

पेटीची गरज मुळात का निर्माण झाली, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ नावाचा विषाणू फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरत देशोदेशी गेला. त्या वेळच्या घरगुती संगणकात अशा आगंतुकाला अडविण्याची काहीच सोय नव्हती. पुढे हे संकट आपल्याकडेही आले. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकांच्या दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांना विषाणूची बाधा झालेली आढळू लागली, तेव्हा त्यांचे बंधू संजय यांनी ती दूर करणारी आज्ञावली लिहिली. नव्वदीच्या दशकात त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले आणि २०१६ साली त्या कंपनीचे समभाग शेअर बाजारात दाखल झाले. मराठी उद्यमशीलतेचा हा अभिमानास्पद अध्याय आहे. त्या काळी असे विषाणुरोधक विकत घेणारा गृहस्थ शहाणपणच करीत होता, यात शंका नाही.

परंतु काळ बदलला. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ हे पूर्ण विषाणुरोधक विंडोजमध्येच अंतर्भूत झाले. प्रारंभी ते दुबळे म्हणून हिणवले गेले, आणि ती टीका निराधार नव्हती. आज मात्र जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’सारख्या स्वतंत्र प्रयोगशाळांच्या कसोट्यांत ते नामांकित कंपन्यांच्या पंक्तीला बसते. त्यात एक उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. इंटरनेटचा संपर्क नसताना त्याची ओळखशक्ती कमी पडते. ज्या घरी संपर्क वारंवार तुटतो आणि पेन ड्राइव्ह हातोहात फिरतात, तेथे बाहेरच्या पहारेकऱ्याचा काही उपयोग होऊ शकेल. तसेच ज्याच्या घरच्या संगणकावरच दुकानाचे हिशेब आणि गिऱ्हाइकांची माहिती आहे, त्याने जादा खर्च केल्यास त्याला दोष देता येणार नाही. पण ज्याच्या यंत्रातील विंडोज चालू आवृत्तीचे आहे, नियमित अद्ययावत होते आणि ज्याचा वापर केवळ घरगुती आहे, त्याला वेगळी पेटी विकत घेण्याची गरज नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहारेकरी जितके अधिक तितके घर सुरक्षित, हा समज येथे लागू पडत नाही. बाहेरचे विषाणुरोधक बसविले की विंडोजचे स्वतःचे विषाणुरोधक सामान्यतः बाजूला होते. म्हणजे दोन पहारेकरी मिळत नाहीत, एकाच्या जागी दुसरा येतो. शिवाय या दुसऱ्याच्या हाती घरातील सर्व किल्ल्या द्याव्या लागतात. ‘अवास्ट’ या प्रसिद्ध कंपनीचे उदाहरण बोलके आहे. आपल्या ग्राहकांनी इंटरनेटवर काय काय पाहिले याची माहिती ती कंपनी एका उपकंपनीमार्फत विकत होती, हे २०२० साली उघड झाले आणि ती उपकंपनी बंद करावी लागली. २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या प्रकरणी तिच्याकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करण्याचे ठरविले. त्याच वर्षी १९ जुलै रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या संरक्षक आज्ञावलीच्या एका सदोष दुरुस्तीमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले आणि आपल्याकडील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती आज्ञावली घरगुती नव्हती, हे खरे. परंतु राखणदारच घरधन्याला घराबाहेर कसा कोंडू शकतो, हे त्या दिवशी दिसले.

मग खरे संरक्षण कशात आहे? उत्तर साधे आहे : वेळच्या वेळी केलेल्या डागडुजीत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभर हाहाकार उडविला. तो ज्या भगदाडातून शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती लावण्याचे अनेकांनी टाळले होते. जूनमध्ये त्याच भगदाडाचा फायदा घेणाऱ्या दुसऱ्या विषाणूने न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम बंद पाडले. सिल्वासाला हा धडा नवा वाटू नये. २ ऑगस्ट १९५४ रोजी स्वयंसेवकांनी हे गाव पोर्तुगीजांच्या ताब्यातून सोडविले, तेव्हा त्या सत्तेकडे शिपाई होते आणि बंदुकाही होत्या. परंतु दमणहून कुमक येण्याची वाट भारतीय प्रदेशातून जात होती आणि ती भारत सरकारने बंद केली होती. कुमक थांबलेले ठाणे फार काळ टिकत नाही. आपल्या सुदैवाने तेव्हा जे परक्यांच्या ठाण्याचे झाले, ते आपल्या घरातील यंत्राचे होऊ देता कामा नये. विंडोज १० ची नियमित डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना तेवढी वर्षभराची वाढीव मुदत मिळाली. कुमक थांबलेल्या अशा यंत्रावर कितीही महाग पेटी बसविली तरी मूळ भगदाडे उघडीच राहतात.

याहूनही गंभीर गोष्ट अशी की, आज घरावर पडणारे पुष्कळसे दरोडे विषाणूच्या रूपाने येतच नाहीत. ते दूरध्वनीच्या घंटीने येतात. कोणी पोलीस अधिकारी म्हणून दरडावतो, ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगतो आणि निवृत्त गृहस्थाची आयुष्यभराची शिल्लक आपल्या खात्यात वळवून घेतो. असल्या अटकेची तरतूद आपल्या कायद्यात कोठेही नाही. गृहस्थ स्वतःच्या हाताने ओटीपी सांगतो, तेव्हा कोणत्याही कंपनीचे विषाणुरोधक त्याचा हात धरू शकत नाही. उलट, ‘आपण संरक्षण विकत घेतले आहे’ या समाधानात तो गाफील राहिला, तर ती पेटी उपकारक न ठरता अपायकारकच ठरेल. चोरीची आज्ञावली फुकट मिळते म्हणून यंत्रात घालणारे आणि ती चालावी म्हणून आपल्याच हाताने विषाणुरोधक बंद करणारेही थोडे नाहीत. चोराला दार उघडून देऊन पहारेकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

तेव्हा पेटीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून एखादी बाह्य हार्ड डिस्क घ्यावी, महत्त्वाची कागदपत्रे आणि छायाचित्रे दरमहा तीत उतरवून ती यंत्रापासून वेगळी ठेवावी. दुरुस्त्या आल्या की त्याच दिवशी लावाव्यात. मुलांसाठी मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र खाते उघडावे. बाधेची शंका आल्यास केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ संस्थेने २०१७ पासून चालविलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधने उपलब्ध आहेत. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती अडविण्याची आशा पहिल्या काही तासांतच असते. आणि घरातील वडीलधाऱ्यांना या गोष्टी समजावून सांगण्यासाठी तरुणांनी एक संध्याकाळ काढावी. पहारेकरी विकत मिळतो; दाराची कडी मात्र घरच्यांनीच लावावयाची असते.