किल्ली कोणाच्या खिशात?

सकाळी घरातला कचरा गाडीत पडला की आपल्या दृष्टीने तो विषय संपतो. त्याचा खरा प्रवास मात्र तेथून पुढे सुरू होतो. इंदुरात घरोघरचा कचरा लहान गाड्यांतून हस्तांतरण केंद्रावर येतो, तेथे यंत्राने दाबून मोठ्या लोखंडी पेट्यांत भरला जातो आणि देवगुराडियाकडे रवाना होतो. कारखान्यांतही कागद, पुठ्ठा, चिंध्या यांचे गठ्ठे बांधणारी अशीच यंत्रे असतात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरचे कोणी ना कोणी अशा ठिकाणी दिवसपाळी-रात्रपाळी करते. म्हणून या महिन्यात या यंत्राची ओळख करून घेऊ.

रचना साधी आहे. विजेच्या मोटरीवर चालणारा पंप तेलावर दाब आणतो, त्या दाबाने नळकांड्यातील दट्ट्या पुढे सरकतो आणि त्याला जोडलेली जाड पोलादी पाटी कचरा चेपते. १५ सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर दर चौरस सेंटिमीटरला १४० किलो दाब असेल, तर एकंदर जोर २४ टनांहून अधिक भरतो. पुठ्ठा कोणता आणि माणसाचा हात कोणता, हे त्या पाटीला कळत नाही.

माल अडकला की माणूस आत वाकतो, आणि तोच क्षण सर्वांत घातक. काही यंत्रांत प्रकाशकिरणावर चालणारा ‘डोळा’ बसविलेला असतो. माल साचून किरण अडला की यंत्र आपोआप सुरू होते. अडकलेला पुठ्ठा पायाने लोटणाऱ्यास यंत्र बंद वाटते. वस्तुतः ते केवळ थांबलेले असते.

म्हणून आत हात घालण्यापूर्वीचा क्रम ठरलेला आहे. यंत्र थांबवून मेन स्विच बंद करावा. त्यावर स्वतःचे कुलूप व नावाची पाटी लावावी आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवावी. कामावर तिघे असतील तर कुलपेही तीन हवीत. तेलातील शिल्लक दाब उतरवावा, वर उचललेल्या भागाला भक्कम टेकू द्यावा. शेवटी सुरू करण्याचे बटण दाबून यंत्र खरोखर सुरू होत नाही, याची खात्री करावी. चुकून चालू होऊ शकणाऱ्या स्विचला कुलूप लावण्याची सोय हवी, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २४ व्या कलमातही आलेले होते. कुलूप ज्याचे, त्यानेच ते काढावे. आणि यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी माणसे मोजावीत, आत डोकावून पाहावे.

तपासणी दररोज, काम सुरू होण्यापूर्वी व्हावी. संरक्षक दार उघडताच यंत्र थांबते का? तांबडे बटण दाबताच बंद पडते का? दाराचा स्विच कोणी तार बांधून निकामी तर केलेला नाही ना? ‘काम लवकर उरकते’ म्हणून बांधलेली ती तार अपघाताला आमंत्रण असते. तेलाच्या नळीची गळती हाताने कधीही चाचपू नये. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून उडालेले तेल कातडी भेदून आत शिरते. जखम दिसते क्षुल्लक, पण ताबडतोब रुग्णालय गाठले नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. गळती पाहायची ती पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून, आणि दुरुस्ती दाब उतरवल्यावरच.

यात गृहिणींचाही वाटा आहे. मोबाईलच्या जुन्या बॅटऱ्या, फवाऱ्याचे डबे, गॅसचे लायटर नेहमीच्या कचऱ्यात टाकू नयेत, वेगळे काढून द्यावेत. दाबाखाली चिरडलेली लिथियम बॅटरी पेट घेते, आणि ती आग विझवायला पुढे होतो तो कोणाच्या तरी घरचा माणूस.

कामावर निघालेल्याच्या हाती आपण आठवणीने डबा देतो. त्याच वेळी एकदा विचारावे, ‘तुमच्याकडे यंत्राला कुलूप लावतात ना? आणि किल्ली कोणाकडे असते?’ उत्तर देताना तो घुटमळला, तर ती गोष्ट त्याच दिवशी मुकादमाच्या कानावर घालायला सांगावी.