गाडीवरचे आमचे मामाजी

मैत्रिणींनो, घरचा माणूस 'गाडीवर' असतो म्हटलं, की लोकांच्या मनात भलतंच चित्र उभं राहतं. अशा घरी मुलगी द्यायलाही माणसं मागंपुढं पाहतात. म्हणून आज आमच्या मामाजींविषयी, म्हणजे माझ्या सासऱ्यांविषयी लिहिते. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली.

तुमसर-भंडाऱ्याकडचा तांदूळ मामाजींनी तीस वर्षे ट्रकने वाहिला. नागपूर इथून साठ किलोमीटर, पण खेप कलकत्त्याची लागली की हजारावर किलोमीटर! भंडाऱ्यावरून जाणारा हा रस्ता तेव्हा राष्ट्रीय महामार्ग ६ होता. २०१० साली त्याचा क्रमांक ५३ झाला. मामाजी आठ-आठ दिवस बाहेर असत. घरी आले, की आधी आंघोळ आणि मग पोरांच्या वह्या. स्वतः सातवी शिकलेले, पण पाढे अगदी तोंडपाठ! भत्त्यातले उरलेले पैसे न मोजताच सासूबाईंच्या हातात देत.

माझ्या नणंदेच्या साखरपुड्याची गोष्ट. पाहुणे जमले आणि मामाजींचा फोन आला, "साकोलीला आहे. डोळे मिटतात. जरा पडतो." घर अवघं चाळीस किलोमीटरवर! नातेवाईक कुरकुरू लागले. मुलीचा बाप आणि आज झोपतो? सासूबाई मात्र फोनवर शांतपणे म्हणाल्या, "झोपा तुम्ही. आम्ही थांबतो." कार्यक्रम दोन तास उशिरा झाला. मामाजी आले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पंगतीत वाढायला लागले.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती आणि दिवसाचे आठ तास काम ठरवून दिलं होतं. रस्त्यावर ते किती पाळलं गेलं, हे ड्रायव्हरच्या बायकोला विचारा! १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, हे बरं झालं. आमच्या मामाजींचा मे महिना ओल्या पंचावर गेला.

ज्यांच्या घरचं कुणी गाडीवर आहे, त्यांना सासूबाईंकडून शिकलेलं सांगते. गाडी चालू असताना आपण फोन करू नये. थांबल्यावर त्यांनी करावा. सोबत दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या आणि जवसाची चटणी द्यावी; दोन दिवस सहज टिकतात. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत. आणि सणवार असो की लग्नकार्य, "लवकर या" असं म्हणू नये. "सावकाश या" म्हणावं. तीस वर्षांत मामाजींच्या गाडीला एकही अपघात झाला नाही. त्यातलं निम्मं श्रेय ते सासूबाईंना देत.