दुधाला फॅट, उसाला रिकव्हरी, मग सोयाबीनला फक्त हवा का?



तेल आणि पाणी एका भांड्यात नांदत नाहीत. तरी ईसी औषध पंपात ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं, कारण दोघांना धरून ठेवणारा तिसरा त्यात आधीच घातलेला असतो. निंबोळी तेल फवारताना आपण साबणाचा चुरा टाकतो, तो याच कामासाठी. ह्या तिसऱ्याला इमल्सिफायर म्हणतात. तोंडाची क्रीम, औषधं, चॉकलेट, रंग, छपाईची शाई, सगळीकडं तो लागतो. बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरात ३२२ हा आकडा दिसला तर समजा, ते लेसिथिन. नाव आलं अंड्याच्या बलकाच्या ग्रीक शब्दावरून, पण आज जगात बहुतेक लेसिथिन निघतं सोयाबीनमधून. म्हणजे आपण डोंगरकड्याच्या काळ्या रानात पेरतो त्याच दाण्यातून.

कसं निघतं बघा. प्लांटमध्ये दाण्याचं तेल काढलं की ते कच्चं तेल गरम करून त्यात थोडं पाणी मिसळतात. तेलातला चिकट भाग पाणी पिऊन फुगतो, जड होतो, आणि गरगर फिरणाऱ्या यंत्रात वेगळा पडतो. तो वाळवला की मधासारखं घट्ट, तपकिरी लेसिथिन. काही प्लांट हा चिकटा परत पेंडीत मिसळतात, काही विकतात. आणखी शुद्ध केला की औषध कंपन्या घेतात. २०२१ मध्ये कोरोनानंतर काळी बुरशी आली, तेव्हा ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते, आठवतं? त्यातल्या लायपोसोमल प्रकारात औषध ज्या बारीक कणांत भरतात, ते कण बनवायला सोयाबीनच्या लेसिथिनपासून केलेला पदार्थ लागतो. ज्या दाण्याला इथं आडतीवर चिमटीत धरून "डागी हाय" म्हणतात, तोच हा दाणा.

आता हिशोब. दाण्यात तेल साधारण १८ ते २० टक्के. कच्च्या तेलात लेसिथिनचा भाग दोन-तीन टक्के. म्हणजे क्विंटलमागं अर्धा किलोच्या आसपास. एकरी सहा क्विंटल धरले तर जेमतेम तीन किलो. म्हणून सभेत जे साहेब माईक धरून सांगतात की शेतकऱ्यांनो, प्रक्रिया करा, लेसिथिन काढा, मालामाल व्हा, त्यांना माझा सवाल आहे: तीन किलोसाठी मी घरामागं सॉल्व्हेंट प्लांट टाकू का? हे काम बचत गटाचं नाही. दिवसाला ५०० टन दाणा फोडणाऱ्याला मात्र यातूनच रोज दोन टनांवर माल मिळतो. तो त्यानं जरूर कमवावा. धंदा आहे, त्याच्या नफ्यावर माझी नजर नाही.

माझं भांडण मोजमापाशी आहे. लातूरचा प्लांट रेट आपण सगळेच रोज मोबाइलवर बघतो. तो असतो १०-२-२ वर. १० टक्के ओलावा, म्हणजे आडतीच्या भाषेत हवा, दोन टक्के डागी, दोन टक्के काडीकचरा. तिन्ही आकडे मालातली खोट मोजणारे! दाण्यात तेल किती, हे सांगणारा आकडा त्यात नाही. हवा १४ निघाली की कट्टी लगेच लागते. तेल २१ टक्के निघालं तर वाढ कुठंय?

दुधाचं तसं नाही. गल्लीतल्या डेअरीवरसुद्धा फॅट आणि एसएनएफ बघून दर मिळतो, तेही दिवसातून दोनदा. उसाची एफआरपी १०.२५ टक्के रिकव्हरीवर ठरते, आणि त्यावर रिकव्हरी वाढली की दरही वाढतो. नाशवंत दूध मोजता येतं, तर महिनोन्महिने पोत्यात राहणारा दाणा का मोजता येत नाही? दाणा न फोडता तेल, प्रथिनं आणि ओलावा मिनिटभरात सांगणारी यंत्रं आहेत. ती बाजार समितीत कधी येणार? व्यापारी म्हणतात, एका भागातला माल सारखाच असतो. असू द्या की. मग मोजायला भ्यायचं कशाला? वाणावाणात तेलाचा फरक पडतो, हे विद्यापीठवालेही सांगतात. पण त्याचा पैसा मिळत नाही, म्हणून बियाणं घेताना आपणही फक्त उतारा विचारतो.

दुसरी गोष्ट. आपल्या देशात जीएम सोयाबीन पेरायला परवानगी नाही. युरोपात जीएमपासूनचा पदार्थ असला तर लेबलवर लिहावं लागतं, म्हणून तिकडं बिगर-जीएम लेसिथिनला मागणी असते. ही ओळख आपल्या पेऱ्यामुळं टिकली आहे. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये, सोयाबीन दहा हजारांच्या आसपास असताना, केंद्रानं १२ लाख टन जीएम पेंड आयात करायला परवानगी दिली. नवा माल बाजारात यायच्या तोंडावर भाव कुठं आला, ते सांगायला नको. बिगर-जीएमचं बंधन आम्ही पाळायचं, त्याची जादा किंमत वरच्यावर जिरायची, आणि भाव चढला की दार उघडायचं. २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव होता. बाजारात किती मिळाला, आपापल्या पावत्या काढून बघा.

आपल्या हळदीचंही तेच. वसमत हळदीला २०२४ मध्ये जीआय मिळालं, चांगलं झालं. पण हळदीतलं करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, पोटात गेलं तरी अंगी फार लागत नाही. म्हणून कंपन्या ते सोयाबीनच्या लेसिथिनशी बांधून कॅप्सूल करतात. (गुण किती येतो ते डॉक्टरांनी सांगावं.) म्हणजे हिंगोली जिल्ह्याची दोन पिकं एका कॅप्सूलमध्ये! वसमतला हरिद्रा संशोधन केंद्र मंजूर आहे. तिथं हा विषय घ्या, आणि गावोगाव हळदीचं करक्युमिन, सोयाबीनचं तेल तपासून द्या. तपासणीचा कागद हातात असला तर आडतीवर बोलायला तोंड येतं.

आमदार-खासदार येतील तेव्हा रस्ता, लाइट मागाच. बाजार समितीच्या निवडणुकीत मात्र एवढंच विचारा: तेलाचा रकाना पावतीवर कधी येणार?

हंगामात विकलं की पावतीचा फोटो खाली कमेंटमध्ये टाका, नाव-नंबर झाकून. वजन, हवा, डागी, कचरा सोडून आणखी एखादा रकाना कुणाच्या पावतीवर असला तर मला तो बघायचाय.