तळ्यात उतरायला कठडा हवा

चौलच्या वाड्यांमधून फिरलं की नारळी-पोफळीच्या सावलीत कुठे ना कुठे तळं दिसतंच. गावात ३६० देवळं आणि ३६० तळी होती, असं जुनी माणसं सांगतात. आज जी उरली आहेत, त्यांच्या पायऱ्यांबद्दल मला बोलायचं आहे. जांभ्याचे चिरे, त्यावर शेवाळ आणि धरायला काहीच नाही. धडधाकट माणूस बेताबेतानं उतरतो. पाय अधू असेल त्यानं काठावरच बसायचं.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. कॅलिपर लावून चालते. पन्नाशीनंतर चांगला पायही ठणकायला लागला, कंबर धरू लागली. अलिबागच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाण्यातले व्यायाम शिकवले. सासरच्या वाडीत तळं आहे, म्हणूनच मला ते जमलं. कॅलिपर काठावर काढून ठेवायचा, नणंद पाण्यात पुढे उभी राहणार आणि मी बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकणार.

जमिनीवर कॅलिपरशिवाय डावा पाय टाकताना मला मांडी हातानं दाबून धरावी लागते, नाहीतर गुडघा दुमडतो. छातीभर पाण्यात मात्र पायरीला धरून उभी राहिले आणि तोच गुडघा हात न लावता वर आला. पुन्हा खाली नेला, पुन्हा वर आला. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा साधारण निम्मा भार हलका होतो, छातीपर्यंत गेलं की त्याहून बराच जास्त. त्यामुळे ज्या स्नायूत थोडाच जीव उरलाय, त्यालाही काम करता येतं. पोलिओनं मेलेल्या मज्जापेशी पाण्यानं परत येत नाहीत. तशी आशा कुणी दाखवली तर ऐकू नका. माझी कंबर मोकळी झाली, रात्रीची झोप लागायला लागली, एवढं मी खात्रीनं सांगते आणि मला ते फार मोठं वाटतं.

मुरलीकांत पेटकर यांचं नाव 'चंदू चॅम्पियन' या चित्रपटामुळे घरोघरी पोचलं. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या या सांगलीकडच्या जवानानं १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. ते पाण्यात उतरले होते उपचार म्हणून, हे आपण पदकाच्या नादात विसरतो.

उपचारांच्या तलावात पाणी ३३ ते ३५ अंशांवर ठेवतात. तसं तळं आमच्याकडे नाही. थंडीत मी उतरत नाही, पोलिओचा पाय आधीच गार असतो. पावसाळ्यात पाणी गढूळ होतं आणि पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसची भीती, तेव्हाही नाही. मणक्याला मार बसून पायाची संवेदनाच गेलेल्यांना चिरा खरचटला तरी कळत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नये. "समुद्र आहे की," असं लोक म्हणतात. रेवदंड्याच्या वाळूत काठी रुतते, लाट पाय ओढते आणि खारं पाणी कॅलिपरचे सांधे खातं.

ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा आपल्या राज्यात नियम आहे. त्यातून वस्तू मिळतात, कधी रोख रक्कम मिळते. ती हवीच आहे, पण एखाद वर्षी त्यातून गावचं एक तळं आमच्यासाठी नीट करावं. देवळापुढचं नको, वापराचं चालेल. पायऱ्या खडबडीत कराव्यात, पाण्याखाली बसायला एक रुंद कट्टा बांधावा, कपडे बदलायला बायकांना आडोसा द्यावा. सार्वजनिक जागा आम्हाला वापरता आल्या पाहिजेत, असं २०१६चा दिव्यांग हक्क कायदाही सांगतो.

आणि कठडा दोन्ही बाजूंना हवा. एकाच बाजूला असला तर उतरताना उजव्या हाताला येणारा आधार चढताना डाव्या हाताला येतो, आणि कुणाचा कुठला हात चालतो हे बांधणाऱ्याला आधी कळणार नाही.