पडद्यावरचें अर्थशास्त्र आणि वर्गांतील तास

मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयांत जाऊं लागली, कीं तिच्या अभ्यासाची काळजी प्राध्यापकांवर सोंपवून मोकळें व्हावें, अशी आपल्या सुशिक्षित कुटुंबांची आजवरची वहिवाट आहे. लहानपणीं पाढे म्हणवून घेणारे आजोबा आणि शुद्धलेखन तपासणारी आई हीं दोघेंहि या टप्प्यावर बाजूस होतात. महाविद्यालयाचें शिक्षण महाविद्यालयाच्या इमारतींतच होत होतें तोंवर यांत वावगें कांहीं नव्हतें. अलीकडे मात्र त्या शिक्षणाचा एक भाग आपल्या घरांत येऊन बसला आहे. मोबाइलकडे टक लावून बसलेली पुतणी करमणूक करून घेत आहे कीं मागणीच्या लवचिकतेवरील व्याख्यान ऐकत आहे, हें दुरून पाहणाऱ्या काकांना कळत नाहीं. आणि न कळल्यामुळें, “ठेव तो मोबाइल खालीं आणि अभ्यासाला बस,” असा हुकूम सुटतो. विद्यापीठांतील अर्थशास्त्राच्या अध्यापनांत जी मिश्र पद्धति रूढ होऊं पाहत आहे, तिच्यांत घरानें काय करावयाचें आणि महाविद्यालयाकडून काय मागून घ्यावयाचें, याचा विचार या महिन्यांत करावा असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मिश्र पद्धति म्हणजे काय हें स्पष्ट केलें पाहिजे. मार्च २०२० मध्यें साथीमुळें महाविद्यालयें बंद झालीं आणि सारेंच शिक्षण पडद्यावर गेलें. तो आपद्धर्म होता. त्यास मिश्र शिक्षण म्हणतां येणार नाहीं. मिश्र पद्धतींत विषयाचें विवरण, म्हणजे व्याख्या, आकृति व सूत्रें, विद्यार्थी घरीं आपल्या सोयीच्या वेळीं मुद्रित पाठांतून पाहतो व ऐकतो, त्यावरील लहानशी चाचणी सोडवितो, आणि मग वर्गांत येतो. वर्गांतील तास उदाहरणें सोडविण्यासाठीं, शंका विचारण्यासाठीं आणि वादासाठीं मोकळा राहतो. मे २०२१ मध्यें विद्यापीठ अनुदान आयोगानें या विषयावर एक टिपण विचारार्थ प्रसिद्ध केलें. अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवावा आणि उरलेला ६० टक्के प्रत्यक्ष वर्गांत शिकवावा, असें त्याचें थोडक्यांत सांगणें होतें. २०१७ च्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या डिजिटल व्यासपीठावर अर्थशास्त्राचे अनेक अभ्यासक्रम आहेत. प्रत्येकांत व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वतःची परीक्षा घेण्याचे प्रश्न आणि शंकासमाधानाची जागा अशीं चार अंगें असतात. शिकण्यास पैसा पडत नाहीं. प्रमाणपत्राची परीक्षा द्यावयाची असल्यास मात्र शुल्क भरावें लागतें. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीं ‘ई-पीजी पाठशाला’ या संग्रहांतहि या विषयाचे पाठ आहेत.

आमच्या सोलापुरास उच्च शिक्षणासाठीं दूरवर पाहण्याची संवय जुनीच आहे. १९४० सालीं येथें दयानंद महाविद्यालय निघालें तेव्हां परीक्षा घेणारें विद्यापीठ मुंबईस होतें. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ झालें, १९६२ सालीं कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ झालें, आणि २००४ च्या ऑगस्टांत एका जिल्ह्यापुरतें कां होईना, सोलापुरास स्वतःचें विद्यापीठ मिळालें. २०१९ पासून तें पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नांवानें ओळखलें जातें. अशा रीतीनें साठ-पासष्ट वर्षांत विद्यापीठ पायरीपायरीनें आमच्या दाराशीं आलें. आतां त्याच दाराआड बसलेला विद्यार्थी दिल्ली किंवा मद्रास येथील प्राध्यापकाचें व्याख्यान ऐकूं शकतो. ही सोय लहान नाहीं. करमाळ्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या मुलास जें ऐकावयास मिळत नव्हतें तें आतां मिळूं शकतें.

या पाठांचा खरा गुण हा कीं ते थांबवितां येतात आणि पुन्हां ऐकतां येतात. समवृत्ति वक्राची आकृति फळ्यावर एकदां काढून पुसली, कीं मागच्या बाकावरील विद्यार्थ्यास ती गेलीच. पडद्यावर तीच आकृति तो चार वेळां पाहूं शकतो. इंग्रजी बोलणें ज्यास भरभर समजत नाहीं, त्यास तर ही मोठीच सवलत होय. कारण यांतील बहुतेक पाठ इंग्रजींत आहेत, आणि आमच्या जिल्ह्यांतील पुष्कळ विद्यार्थी मराठी माध्यमांतून आलेले, तर कित्येकांच्या घरची भाषा तेलुगू, कन्नड किंवा उर्दू आहे.

परंतु एवढ्यावरून, “व्याख्यान पडद्यावर मिळतेंच, मग वर्ग हवा कशाला?” असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो अनुभवास सोडून होईल. सुदैवानें या प्रश्नाची परीक्षा अर्थशास्त्राच्याच वर्गांत घेतली गेली आहे. अमेरिकेंतील एका मोठ्या विद्यापीठांत सूक्ष्म अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट केले. एकानें प्राध्यापकाचें व्याख्यान समोर बसून ऐकलें, दुसऱ्यानें तेंच व्याख्यान इंटरनेटवर पाहिलें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें सरासरींतला फरक थोडा होता, पण तो वर्गाच्या बाजूनें होता. आणि पूर्वींच्या परीक्षांत मागें पडलेल्या विद्यार्थ्यांत तो अधिक दिसला. न्यूयॉर्कच्या बारूक महाविद्यालयांत त्याच वर्षीं सातशेंहून अधिक विद्यार्थ्यांवर दुसरा प्रयोग झाला. कांहींचा वर्ग आठवड्यांतून दोन वेळां भरे, कांहींचा एकदांच. ऑनलाइन साहित्य दोघांनाहि सारखेंच. दोन वेळां वर्गांत बसलेल्यांना शंभरांत सुमारें २.३ गुण अधिक पडले. २०१६ सालीं तिसऱ्या प्रयोगाचे निकाल आले. ज्यांनीं सारें शिक्षण ऑनलाइन घेतलें ते अंतिम परीक्षेंत ५ ते १० गुणांनीं मागें राहिले; मिश्र पद्धतीनें शिकलेल्यांत आणि नेहमींच्या वर्गांत बसलेल्यांत मात्र म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं.

या तिन्हींचा अर्थ आम्हांस असा दिसतो : वर्ग थोडा कमी केला तर हानि थोडी, पण वर्ग नाहींसा केला तर ती मोठी, आणि तिचा भार मुख्यतः दुर्बळ विद्यार्थ्यावर पडतो. हुशार, शिस्तीचा आणि घरीं स्वतंत्र खोली असलेला मुलगा पडद्यावरूनहि शिकेल. ज्यास कोणी हटकल्यावांचून पुस्तक उघडण्याची संवय नाहीं, त्याचें काय? हार्वर्ड आणि एमआयटी यांनीं २०१२-१३ मध्यें जगास खुले केलेल्या पहिल्या अभ्यासक्रमांत ८,४१,६८७ नोंदण्या झाल्या आणि प्रमाणपत्रें मिळालीं तीं ४३,१९६. शेंकडा पांचच्या आसपास. नांव घालणें सोपें आणि शेवटास नेणें कठीण, हें यावरून उघड होतें.

मग वर्गांतील तो तास कसा घालवावा? येथें सोलापूरसारख्या शहराचें भाग्य मोठें आहे, कारण अर्थशास्त्राचीं प्रमेयें येथें रस्त्यावर पाहावयास मिळतात. मागणीची लवचिकता पडद्यावर शिकून आलेल्या विद्यार्थ्यांस प्राध्यापकांनीं सिद्धेश्वर बाजार समितींत कांद्याच्या लिलावास न्यावें. ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के कर बसविला, डिसेंबरांत निर्यातच बंद केली, आणि मे २०२४ मध्यें ती बंदी उठविली. या नऊ महिन्यांत शेतकऱ्याचें काय झालें, अडत्याचें काय झालें आणि आपल्या स्वयंपाकघराचें काय झालें, असा प्रश्न फळ्यावर लिहून तीन बाकांवर तीन पक्ष बसवावे. तेथें आकृतींतील दोन रेषा माणसांच्या तोंडून बोलूं लागतात. विडी वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार विड्यांमागें ठरते. तिचा हिशेब घेऊन बसलें म्हणजे वेळेवरची मजुरी आणि कामावरची मजुरी यांतील भेद मुलांस निराळा शिकवावा लागत नाहीं. सुताचा भाव वाढला असतां यंत्रमागावरील टॉवेलाचा भाव तितकाच कां वाढत नाहीं, हें कारखानदारास विचारलें तर स्पर्धेचें सारें प्रकरण उलगडतें.

ही कल्पना नवी नाहीं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनें, डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखालीं, शहरांत घरोघर जाऊन पाहणी करण्याची परंपरा घालून दिली. गाडगीळांचा सोलापूर शहराच्या सामाजिक व आर्थिक स्थितीवरील ग्रंथ १९६५ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या शहराचा असा अभ्यास एकदां झाला, तेथील विद्यार्थ्यांनीं आपल्या पेठेंतील पंचवीस घरांची लहानशी पाहणी करून ती वर्गांत मांडावी, ही अपेक्षा अवास्तव खास नाहीं. पडद्यानें व्याख्यानाचा भार उचलला तर त्यासाठीं वेळ निघतो. मिश्र पद्धतीचा आम्हांस दिसणारा सर्वांत मोठा लाभ हाच.

भय आहे तें निराळ्या बाजूनें. आज अनेक महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकांवर काम भागविलें जातें. मुद्रित व्याख्यान एकदां हातीं आलें, कीं “आतां माणूस कशाला?” असा मोह व्यवस्थापकांस पडणें अशक्य नाहीं. पण उदाहरण सोडवून घेणें, पाहणीचा कच्चा तक्ता तपासणें, चुकलेल्यास कोठें चुकला तें दाखविणें, यांस व्याख्यानापेक्षां अधिक माणसें लागतात. म्हणून पालकांनीं प्रवेशाच्या वेळीं केवळ इमारत व निकाल पाहूं नये. पाठ पडद्यावर गेला असल्यास मोकळ्या झालेल्या तासांत काय केलें जातें, आणि एका प्राध्यापकाकडे किती विद्यार्थी आहेत, हे दोन प्रश्न अवश्य विचारावे.

आतां घराकडे वळूं. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणींत खेड्यांतील शंभरांपैकीं सुमारें १५ आणि शहरांतील ४२ घरांतच इंटरनेटची सोय आढळली होती. तेव्हांपासून मोबाइल पुष्कळ पसरले हें खरें. पण घरांत मोबाइल असणें आणि तो मुलीच्या हातीं असणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें कधीं तरी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचें प्रमाण ५७.१ टक्के, तर स्त्रियांचें ३३.३ टक्के होतें. आपल्या घरांत असें नाहीं, असें कोणी म्हणेल. पण एकत्र कुटुंबांत यंत्राचा दुष्काळ नसला तरी वेळेचा असतो. सायंकाळीं पाहुणे आले, कीं चहास मुलगीच उठते. भावाचें व्याख्यान चालू असलें तर, “त्याचा अभ्यास चालला आहे,” म्हणून दार लोटून घेतलें जातें. वर्गाचा तास असतांना ती निदान घराबाहेर असे आणि तो तास तिचा असे. पाठ घरांत आल्याबरोबर तो तासहि घरकामास मोकळा सांपडला, तर मिश्र पद्धतीनें तिला दिलें त्याहून अधिक काढून घेतलें असें होईल.

यासाठीं आमच्या सूचना अगदीं साध्या आहेत. महाविद्यालयाच्या वेळापत्रकाप्रमाणें घरांतील पाठाचें वेळापत्रकहि भिंतीवर लावावें, आणि त्या तासांत मुलगी घरीं नाहीं असें सर्वांनीं समजावें. लग्नामुळें शिक्षण अर्धवट राहिलेली सून घरांत असेल तर तिच्यासाठींहि असाच एक तास राखावा. सासूबाईंनीं मनावर घेतलें तर हें सहज होण्यासारखें आहे. बँकेंतून किंवा सरकारी नोकरींतून निवृत्त झालेल्या आजोबांनीं पाठ संपल्यावर नातीस एवढेंच विचारावें, “आज काय ऐकलेंस तें मला मराठींत सांग.” इंग्रजींत ऐकलेला विषय आपल्या भाषेंत सांगतां आला तरच तो समजला असें धरावें; आणि अडखळेल तेथें प्राध्यापकांस विचारावयाचा प्रश्न आपोआप तयार होईल. घरांतील महिन्याचा किराणा, वीजबिल आणि ठेवींवरील व्याज यांचे आंकडे तिच्यापुढें ठेवावे. महागाईचा निर्देशांक कसा काढतात हें तिनेंच मग घरास समजावून द्यावें.

पाठ घरीं आला म्हणून शिक्षणाचा खर्च कमी झाला असें कोणी मानूं नये. त्याचा एक हिस्सा आतां शांततेच्या, वेळेच्या आणि आस्थेच्या रूपानें घरास द्यावयाचा आहे. हा हिस्सा ज्या घरांतून मुलाइतकाच मुलीसहि मिळेल, तेथें हे नवें साधन उपकारक ठरेल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. येत्या सत्राच्या आरंभीं आमच्या वाचकांनीं वेळापत्रकाचा तो एक कागद भिंतीवर लावून पाहावा, एवढीच विनंति आहे.